मी फक्त हाक मारायचो

मी इनास. पासपोर्टवर इग्नेशियस आहे, पण त्या नावानं मला फक्त एअरपोर्टवाले आणि डॉक्टर बोलावतात. गाव आमचं वसईत, समुद्राकडच्या बाजूला, वाडीवाले लोक आमी, केळी, पालेभाजी, कडेनं थोडी विड्याची पानं, म्हंजे तेव्हा होती, आता तिथं बिल्डिंगी झाल्यात त्याचं काय बोलायचं. तुमी बोललात सुरुवातीपासून सांगा म्हणून सांगतो, नायतर माझ्या या गोष्टीत गाव एवढंसंच येतं. कावळ्यांपुरतं.

आय पावसाळ्याआधी अंगणात चटया टाकून बोंबील आणि जवळा सुकत घालायची, आणि कावळे राखायचं काम माझं. दगड मारून कंटाळा येतो हो, कावळा दगडाला भीतो कुठं, आपण वाकलो की उडतो आणि उभं राहिलो की परत येतो. मंग मी त्यांच्यासारखं ओरडायला शिकलो. एक ओरडणं असतं त्यांचं, खायला मिळालंय, या, असं. ते मी विहिरीपलीकडं जाऊन ओरडायचो आणि सगळे तिकडं जायचे. तिकडं शेजारच्या बावतीसकाकाचे मासे असायचे ते वेगळं. आयला कळलं तेव्हा तिनं मला मारलं, पण मारताना हसत होती, हे मला आठवतं. गळा माझा चांगला होता. चर्चच्या गायनात नाय घेतलं मला कधी, पण कावळे यायचे.

मंग आयटीआय केलं, मुंबईत लिफ्टच्या कामाला लागलो, थोडी वर्षं दुबई, आणि मंग इथं, कॅनबेरा. मी लिफ्ट मेकॅनिक. हापिसांच्या बिल्डिंगींच्या लिफ्टा आमी बघतो, मेंटेनन्स, ब्रेकडाउन, सगळं. काम चांगलं आहे, तक्रार नाय. पण एक सांगतो, लिफ्टचं मशीन असतं गच्चीवर, आणि गच्चीवर माणूस एकटा असतो. खाली डेपोत बाकीचे लोक, क्रेग आणि ते सगळे, स्मोकोला, म्हंजे मधल्या सुट्टीत, चहा घेऊन बसायचे, फुटी, म्हंजे इथला फुटबॉल बोलायचे, मासेमारी बोलायचे, कोणाच्या पोराचं लग्न, आणि मी डबा घेऊन बसलो की हाऊ आर यू मेट, नो वरीज मेट, एवढंच. वाईट कोण नव्हतं हो. पण इतकी वर्षं काम केलं आणि कोणी बोललं नाय की शनिवारी घरी ये. मंग मी वरच बसून खायला लागलो. आणि वर कावळे होते.

इथला कावळा आपल्यापेक्षा मोठा, अख्खा काळा, गळ्याखाली दाढीसारखी पिसं, आणि डोळा पांढरा. जाणकार बोलतात हा क्रो नाय, रेव्हन आहे, असेल, लोक सगळे क्रोच बोलतात आणि मी कावळाच बोलतो. ओरडतो पण वेगळा. आपला काव काव करतो, हा आऽ, आऽ, आआआऽऽ असं करतो आणि शेवट खाली सोडतो, दाढदुखीच्या माणसासारखा. पयल्या वर्षी फ्लोरीला, माझ्या बायकोला, वाटलं शेजारी कोण लहान पोर रडतंय.

मी बघत बसायचो त्यांना. काय सांगू तुमाला, बगण्यासारखं असतं. खायला उतरतील ना, तर सगळे कधीच उतरत नाय. एक वर राहतो, डिशच्या अँटेनावर नायतर कठड्यावर, तो खात नाय, तो बघतो. मंग त्याची पाळी संपली की दुसरा वर जातो. सुका ब्रेड मिळाला तर गटरातल्या पाण्यात भिजवून खातात, म्हाताऱ्यानं चहात बुडवावा तसा. नवीन काय दिसलं तर अख्खा थवा येत नाय, एकटा येतो, लांबून चालत चालत, एक पाऊल पुढं आणि उडी मारून दोन मागं. तो परत जाऊन काय सांगतो देव जाणे, मंग बाकीचे येतात. मला ते ओळखायचे. माझ्या बरोबर एकदा दुसरा मेकॅनिक वर आला तर एक नाय उतरला. मी मंग त्यांच्यासारखं ओरडून बघायला लागलो, आधी हसण्यावारी, मंग जमायला लागलं. खायला या, ते जमलं. सावध, ते जमलं.

आणि एक तिसरं ओरडणं आहे. ते मी मुद्दाम शिकलो नाय. एका बिल्डिंगवर कबुतरांसाठी जाळी लावलेली, त्यात एक कावळा अडकला, पंख आणि पाय दोन्ही. तो जे ओरडला ना, तसं मी कधी ऐकलं नव्हतं. फाटलेलं, आतून येणारं, थांबत नाय असं. आणि त्या आवाजावर जे कावळे आले, कुठून आले माहीत नाय, तळ्याकडून, झाडांतून, जे हातात होतं ते सोडून आले. वर पहारेकरी वगैरे कोणी ठेवला नाय त्या वेळी. सगळे खाली, माझ्या डोक्यावर, जाळीवर. मी कटरनं जाळी कापली, त्यानं माझा अंगठा फाडला, आणि उडाला, आणि सगळे त्याच्या मागं. मी रक्त पुसत तिथं बसलो आणि खरं सांगतो, मला खूप बरं वाटलं. तो आवाज मात्र कानात राहिला, आणि माझ्या कानात जे राहतं ते माझ्या गळ्यात येतं.

आता मावशींचं सांगतो. आमी कॅनबेराच्या कडेला, गुंगालिनला राहतो, आणि कुंपणाच्या पलीकडं नीलेश, पुण्याचा, कॉम्प्युटरवाला, त्याची बायको प्राजक्ता, आणि नीलेशचे वडील वारल्यावर त्याची आई इथं आली, त्या मावशी. सत्तरी ओलांडलेल्या, गुडघे दुखतात, पण तोंड खणखणीत. त्या आल्या त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचा पितृपक्ष आला. आमच्यात हे नाय, आमच्यात मेलेल्या माणसासाठी मिस्सा ठेवतात, पण गावाला आजूबाजूला बघितलेलं. मी मागे कपडे वाळत घालत होतो तर कुंपणापलीकडून मावशींचा आवाज, अहो या ना, असं काय करता, तुमच्या आवडीचे वडे केलेत. मी डोकावलो. दुकानातून आणलेलं फ्रोजन केळीचं पान, त्यावर भात, खीर, वडे, सगळं नीट वाढलेलं, आणि मावशी नवऱ्याशी बोलतायत. आधी मॅगपाय आला तर त्याला हाकलला, हा काळापांढरा चालत नाही म्हणे. मंग गुलाबी काकाकुवे आले, त्यांच्यामागं तर त्या पदर खोचूनच धावल्या. नीलेशची मीटिंग चालू, तो एका कानात हेडफोन घालून उभा. आणि कावळा कुठं आहे तर समोरच्या दिव्याच्या खांबावर, बसून बघतोय. मावशी वचनं द्यायला लागल्या, नातीला मराठी शिकवेन, पुण्याच्या फ्लॅटला कुलूप लावणार नाही, अजून काय काय. आणि मंग रडायला लागल्या. बोलल्या, इतक्या लांब ते कसे येतील रे नीलेश, त्यांना पत्ता कुठं माहीत आहे.

मला राहवलं नाय. मी कुंपणाच्या आडून हाक दिली, खायला या, ती. खांबावरच्यानं मान वाकडी केली. परत दिली. तो आला, पयला कुंपणावर, मंग कपड्यांच्या दांडीवर, मंग खाली, चालत चालत, आणि वड्याला चोच लावली. मावशींनी दोन्ही हात जोडले. त्यानंतर त्यांनी मला आत बोलावून बाजूला बसवून जेवायला घातलं, आणि फ्लोरीला बोलल्या, तुमच्या यजमानांच्या गळ्यात देवानं काहीतरी ठेवलंय हो. तेव्हापासून त्या घरात काय गोडधोड झालं की कुंपणावरून डबा यायचा. तोपर्यंत इथं आमाला कुंपणावरून डबा देणारं कोणी नव्हतं.

ही गोष्ट मी डेपोत सांगितली. मला सांगायला काय तरी मिळालं होतं ना. करून पण दाखवलं, डेपोच्या दारात उभं राहून, आणि पार्किंगमधले दोन कावळे आले. क्रेगचा चहा सांडला हसताना. बोलला, मेट, तू इतकी वर्षं हे लपवून ठेवलंस? त्या दिवसापासून माझं नाव क्रोई, क्रो वरनं. इथं ज्याला टोपणनाव ठेवतात ना, तो त्यांचा झाला. मी घरी येऊन फ्लोरीला सांगितलं, मला नाव ठेवलं त्यांनी. ती बोलली, नाव ठेवलं म्हंजे चांगलं की वाईट? मी बोललो, तुला नाय कळणार.

मंग थंडी आली, इथं ती जूनमध्ये येते, मेंढ्या व्यायचे दिवस. क्रेगच्या ओळखीची एक म्हातारी, बेव्ह तिचं नाव, तिचा मेंढ्यांचा फार्म आमच्या घरापासून लांब नाय, न्यू साऊथ वेल्सची बॉर्डर ओलांडली की लगेच. कावळे कोकरांना त्रास देतात म्हणून तिनं रीतसर परवाना काढलेला, आणि क्रेग आणि त्याचे दोन मित्र जाऊन मारायचे. पण कावळा बंदुकीच्या टप्प्यात येत नाय. क्रेग बोलला, क्रोई, शनिवारी येतोस? तू बोलाव, आमी बघतो.

शनिवारी ये. हे शब्द, बगा. मी फ्लोरीला सकाळी उठवून सँडविच करायला लावले.

तिथं गेल्यावर बेव्हनं मला पयलं एक कोकरू दाखवलं. जिवंत होतं, उभं होतं, आणि त्याला डोळे नव्हते. ती बोलली, हे आता मला मारायला लागेल. मी हे खोटं नाय सांगत आणि स्वतःला वाचवायला पण नाय सांगत, पण ते बघितल्यावर मला कावळ्यांचा राग आला, खरोखरचा. मंग आमी झुडपामागं बसलो, क्रेगनं डोकं हलवलं, आणि मी हाक दिली. एक आला. मी बघत होतो तो कसा येतो, तसाच, चालत, एक पाऊल पुढं. आवाज झाला आणि तो नव्हता. क्रेगनं माझ्या पाठीवर थाप मारली.

बंदूक मी कधी हातात धरली नाय. हे मी लोकांना सांगायचो, स्वतःला पण सांगायचो. फ्लोरीनं विचारलं तेव्हा बोललो, मी नाय मारत ग, मी फक्त हाक मारतो. ती बोलली, हं.

पुढचे शनिवार असेच गेले. शूटिंग झालं की क्रेगच्या घरी बार्बेक्यू, माझ्यासाठी मुद्दाम तिखट सॉस आणून ठेवलेला, त्याची बायको मला क्रोईच बोलायची. फ्लोरी आजारी पडली तेव्हा क्रेग स्वतः तिला गाडीतून घेऊन गेला, माझी शिफ्ट त्यानं घेतली. मी त्याला वाईट नाय बोलणार. कोणीतरी व्हिडिओ काढला, मी ओरडतोय, कावळा येतोय, आवाज, आणि सगळे हसतायत. त्यात मी पण हसतोय. तो फिरला सगळीकडं. इथल्या आमच्या वसईवाल्यांच्या ग्रुपवर पण आला, सिडनीच्या टूनगॅबीवरून माझ्या मावसभावानं फोन केला, अरे तू तर हीरो झालास. मी बोललो, छोड ना यार, पण आवडलं होतं मला.

पण कावळे शिकतात. तिसऱ्याचौथ्या शनिवारपासून माझ्या हाकेला कोणी येईना. पयल्यांदा ते क्रेगची यूट, ती मागं उघडी गाडी, ओळखायला लागले, गेटाशी गाडी वळली की सावधचा आवाज. आमी गाडी लांब ठेवून चालत गेलो तर पॅडॉकच्या, म्हंजे मेंढ्यांच्या कुरणाच्या, त्या टोकाच्या मेलेल्या झाडावर सगळे गोळा होऊन बसायचे, टप्प्याच्या बाहेर, बरोबर बाहेर, जसं कोणी रेघ मारून दिलीय. मी हाक दिली की एकदम गप्प व्हायचे. कावळे गप्प झालेले तुमी कधी ऐकलेत? मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांच्यात ‘खायला या’चा अर्थ मी बदलून टाकला होता.

क्रेग कंटाळला. त्याच्या एका मित्राचा पाहुणा आलेला, त्याला दाखवायचं होतं. क्रेग बोलला, क्रोई, दुसरं काय येत नाय का तुला? आणि मी, कोणी विचारलं नव्हतं हो, त्याला माहीत पण नव्हतं, मी स्वतःच्या तोंडानं बोललो, एक आहे. त्याच्यावर ते येतीलच.

मी ते ओरडलो. जाळीतलं.

आले. त्या झाडावरचे सगळे, आणि झाडामागच्या डोंगरावरचे, आणि कुठचे कुठचे. रेघ वगैरे काय उरली नाय. कोणी वर थांबला नाय, कोणी चालत आला नाय, सरळ उडत आमच्या डोक्यावर, शोधत, कोण अडकलंय म्हणून. आणि हे लोक मारत होते. मी थांबलो की क्रेग बोलायचा, कीप गोइंग मेट, आणि मी परत ओरडायचो. मेलेले पडले तरी बाकीचे जात नव्हते, खाली येत होते. एक जखमी होऊन कुंपणाजवळ पडला, तो आता खरा ओरडत होता, माझी गरज नव्हती. त्याच्या बाजूला दुसरा उतरला. हा गोल चालला त्याच्याभोवती, मंग त्याच्या पंखाला चोचीनं धरून ओढायला लागला, कुंपणाकडं, तारेच्या खालून, पलीकडं न्यायला. ओढतोय, सोडतोय, परत ओढतोय. मी बोललो, क्रेग, याला नको. मी बोललो का, की मनात बोललो, आता नक्की सांगता येत नाय. क्रेगनं ऐकलं नाय एवढं खरं.

नंतर त्यांनी ते सगळे पायाला बांधून तारेवर उलटे लटकवले, फोटो काढायला. तेवढ्यात बेव्ह आली, गमबूट घालून, चालत. तिनं तारेकडं बघितलं, मंग विचारलं, मघाशी ते ओरडत कोण होतं? सगळे माझ्याकडं बघायला लागले, कौतुकानं. मी बोललो, मी. ती बोलली, मी स्वयंपाकघरात होते, मला वाटलं कोणाचं मूल तारेत अडकलं, मी धावत आले. तेव्हा मी बघितलं, तिला दम लागलेला. ती क्रेगला बोलली, व्यायलेल्या मेंढ्यांजवळून त्यांना दूर ठेवायचं होतं मला, बास, एवढंच. हे मी मागितलं नव्हतं. आणि आता तुमी कोणी येऊ नका. मोठ्यानं नाय बोलली. एक एक दोरी सोडायला लागली. मी मदतीला गेलो तर माझ्याकडं न बघता बोलली, राहू दे.

घरी आलो. फ्लोरीनं जेवण वाढलं. मला वाटलं हिला सांगावं, तर ती बोलली, व्हिडिओ बघितलाय मी, आधीचा. मावशींना तेवढं कळू देऊ नका. मी चर्चमध्ये कुमसाराला, म्हंजे पाप कबूल करायला गेलो, फादरांसमोर गुडघे टेकून सगळं सांगितलं. फादर केरळचे, तरुण. बोलले, परवाना होता ना? शेतीसाठी होतं ना? मंग पाप असं म्हणता येणार नाही. एक प्रार्थना सांगितली म्हणायला. मी ती बोललो आणि बाहेर आलो, आणि पार्किंगमध्ये एक कावळा होता, तो मला बघून ओरडायला लागला, सावधचं. माझ्या गाडीमागं कोपऱ्यापर्यंत आला. ते फार्मवरचेच कावळे होते की दुसरे, मला माहीत नाय. ते एकमेकांना सांगतात असं लोक बोलतात. मला एवढं माहीत आहे की त्या दिवसांपासून मी घरातून बाहेर पडलो की वर कोणीतरी ओरडायचं, आणि मंग दुसऱ्या छपरावरून दुसरा. दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीसमोर. कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेला तरी. शेजारचे हसायचे, इनास, युअर फॅन्स. मी टोपी बदलली. चालण्यावरनं ओळखायचे.

आणि सप्टेंबर आला.

मावशींचं त्या वर्षी एक अडलेलं होतं. नीलेशला त्यांना कायमचं इथं ठेवायचं होतं, आणि त्यांचं मन लागत पण होतं आणि नव्हतं पण. पुण्याचं घर, एकटं राहणं, गुडघे. त्या मला कुंपणावरून बोलल्या, मी यंदा यांनाच विचारणार आहे. ते शिवले तर राहीन, नाही शिवले तर जाईन. तुम्ही आहातच हाक मारायला. मी बोललो, बघू. फ्लोरी बोलली, त्या दिवशी शिफ्ट घ्या. मी शिफ्ट मागितली, खरंच मागितली, मिळाली नाय, आणि सकाळी मावशी स्वतः दारात. बोलल्या, या, पान वाढलंय.

मी गेलो. नवीन साडी नेसलेल्या मावशी, नीलेशनं त्या दिवशी सुट्टी काढलेली, प्राजक्ता, आणि गवतावर ते पान. छपरावर कावळे होते, दोनतीन, पानाकडंच बघत होते. मी मागच्या दारातून पाय बाहेर टाकला आणि ते उठले. जे ओरडायला लागले, आणि ते ऐकून आणखी, आणि आणखी, कुंपण भरलं, गटर भरलं, छपराची कड काळी झाली. एक पण पानाकडं बघत नव्हता. सगळे माझ्याकडं. खालपर्यंत झेप घ्यायचे, माझ्या डोक्यावरून. नीलेश हात हलवायला लागला. आणि मावशी, त्यांना वाटलं हे त्यांच्यासाठी आहे. त्या खाली बसल्या, गुडघे दुखतात तरी, आणि बोलायला लागल्या, काय चुकलं माझं, सांगा ना, एवढे का रागावलात. मला बोलल्या, इनास, तुम्ही हाक मारा हो, तुमचं ऐकतील. मी हाक मारली नाय. मी आत पळून जाऊ शकलो असतो, मंग कावळ्यांनी उतरून खाल्लं पण असतं कदाचित. पण त्या रडत होत्या, आणि नवऱ्याची माफी मागत होत्या, माझ्या चुकीसाठी.

मंग मी बोललो. सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या. मावशी, ते तुमच्यावर नाय ओरडत. माझ्यावर ओरडतायत. मी यांना बोलावलं आणि लोकांनी मारलं. पुष्कळ मारले. जी हाक मी तुमच्यासाठी मारली, तीच मारून.

मावशींनी पयलं काय केलं माहिती आहे? त्यांच्या तोंडावर हसू आलं. खरंच, सुटल्यासारखं. बोलल्या, म्हणजे हे माझ्यावर रागावले नाहीत. नीलेश, ऐकलंस का, ते माझ्यावर रागावलेले नाहीत. आणि मंग ते हसू गेलं, आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. शिवी दिली असती तर चाललं असतं हो. त्या फक्त बघत होत्या, माझ्या तोंडाकडं, म्हंजे ओठांकडं. मंग बोलल्या, तुम्ही जरा घरात जा.

मी गेलो. पडदा ओढून बसलो. कावळे शांत झाले पण त्या दिवशी उतरले नाय. प्राजक्तानं मंग फ्लोरीला सांगितलं, शेवटी नीलेशनं फोनवर बघून लॉनच्या गवताचा कावळा केला, दर्भाचा करतात तसा, आणि तो पानाला लावला. मावशी बोलल्या, असू दे, आता माझं मी ठरवते. आणि राहिल्या. इथंच राहिल्या.

क्रेगला मी सांगितलं, मी आता येणार नाय, कुठल्याच फार्मवर. तो बोलला, नो वरीज मेट. खरंच वरीज नव्हती त्याला. पण शनिवारचं बोलावणं थांबलं, आपोआप, भांडण नाय, काय नाय. नाव मात्र राहिलं. अजून डेपोत क्रोईच बोलतात, नवीन पोरांना सांगतात, याला विचार, हा काय करायचा. मी बोलतो, आता नाय जमत, गळा गेला. गळा आहे. मी एकदा गाडीत काच बंद करून बघितलं होतं. तिसरंच आलं तोंडात, ते रडणं, आणि मी गाडी बाजूला घेऊन थांबलो. मंग परत कधी नाय.

डबा बंद झाला होता. कित्येक महिने. फ्लोरी आणि प्राजक्ता बोलायच्या, मी आणि नीलेश हाय हॅलो करायचो, मावशी दिसल्या की नमस्कार करायच्या, त्यात काय कमी नाय. पण माझ्याशी नमस्कार झाला की लगेच आत जायच्या.

मंग या वर्षी, थंडी संपता संपता, मावशींनी फ्लोरीच्या फोनवर मला बोलावून घेतलं. बोलल्या, इनास, मी रोज सकाळी चहा झाला की कुंपणावर पोळी ठेवते. त्यातला एक येतो आता. लंगडा आहे जरासा. पण तुमचं दार वाजलं की जातो. तेव्हा तुम्ही तेवढा वेळ बाहेर येऊ नका, एवढं करा माझ्यासाठी. मी बोललो, हो मावशी. आणि तेवढं मी करतो. सकाळी फ्लोरी खिडकीतून बघून सांगते, आहे अजून, थांबा, आणि मी बूट घालून, बॅग घेऊन, गॅरेजमध्ये गाडीत बसून राहतो. कधी कामाला उशीर होतो, होऊ दे. तुमाला हे सांगताना पण लाज वाटते, एवढा मोठा माणूस, साठीला आलेला, अंधाऱ्या गॅरेजमध्ये कावळ्याचं खाऊन व्हायची वाट बघतोय. पण लाज त्याची नाय, ते तर बरं वाटतं. एक वेळ तरी माझ्यामुळं तो पोटभर खातो. मी काय न केल्यामुळं.

आता परत ते दिवस आलेत. परवा मावशींनी निरोप दिला, यंदा पान ठेवायच्या वेळी तुम्ही घरातच थांबा, पडदे लावून. एकदा ते जेवून गेले की प्राजक्ता फोन करेल. मंग या, पण पुढच्या दारानं या, आणि पोटाला जागा ठेवून या, वडे गरम असतील.

मी बोललो, येईन. फोनची वाट बघेन, आणि नाय आला तरी घरातच बसेन, पण आला तर येईन.